सह्याद्रीचा कातळ, पाऊस आणि हवेतला कार्बन

महाबळेश्वरच्या पठारावर कोसळणारा पाऊस म्हणजे निव्वळ पाणी नसतं. ढगातून खाली येताना थेंब हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आम्लधर्मी होतो. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू साधारण 5.6 भरतो. सोड्याच्या बाटलीत असतं तेच हे कार्बनिक आम्ल, फक्त फार सौम्य. पाणी मातीत शिरलं की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून सुटलेला वायूही त्यात मिसळतो आणि आम्ल आणखी तीव्र होतं. असं पाणी खालच्या काळ्या कातळाला भिडतं, तिथे जलचक्र आणि कार्बनचक्र एकमेकांत गुंततात. पाठ्यपुस्तकात ही दोन चक्रं वेगवेगळ्या आकृत्यांत असली, तरी सह्याद्रीत ती एकाच दगडावर चालतात.

हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार घडलं. आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेलं आहे. बेसाल्टमधली कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमची सिलिकेट खनिजं ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतात. आम्लधर्मी पाणी त्यांच्यातलं कॅल्शिअम सोडवून घेतं आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं. कृष्णा, कोयना, गोदावरी हे विरघळलेले क्षार वाहून नेतात आणि ते शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतात. समुद्रातले जीव त्यांतून शिंपले आणि कवचं घडवतात. त्यांचे थर तळाशी साचून चुनखडक होतो. या प्रवासात कॅल्शिअमच्या एका अणूमागे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू पकडले जातात. कवच घडताना त्यातला एक परत सुटतो आणि दुसरा लाखो वर्षांसाठी दगडात बंदिस्त होतो.

या झिजेच्या खुणा आपल्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. विहिरीचं जड पाणी उकळलं की भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, ती बायकार्बोनेटमधून वेगळी झालेली चुनखडी. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे याच घराण्यातले. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा जांभा तर या कामाचा शिल्लक हिशेबच आहे. पावसानं कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनिअम उरलं. म्हणून तो तांबडा.

जगाच्या जमिनीचा जेमतेम 5 टक्के भाग बेसाल्टनं व्यापला आहे. तरीही सिलिकेट खडकांच्या झिजेतून शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 30 टक्के वाटा बेसाल्टचा आहे, असा संशोधकांचा अंदाज आहे. ऊन आणि पाऊस भरपूर असेल तिथे ही झीज वेगानं होते. वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये यातूनच एक मोठी कल्पना मांडली. पृथ्वी तापली की पाऊस आणि झीज वाढते, हवेतला कार्बन घटतो आणि तापमान उतरू लागतं. पृथ्वी गार झाली की झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायू हवेत साठतो आणि ऊब परतते. अब्जावधी वर्षं पृथ्वीवर पाणी द्रवरूपात टिकलं, त्यामागे हे नियंत्रण असावं.

दख्खनचा यात विशेष वाटा असू शकतो. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकताना हा ताजा बेसाल्ट विषुववृत्ताच्या उष्ण, पावसाळी पट्ट्यात आला. त्याच्या झिजेनं पृथ्वी पुढे थंड होत जायला हातभार लावला, असा सिद्धांत केंट आणि मुट्टोनी यांनी 2008 मध्ये मांडला. ज्या उद्रेकांनी हवेत कार्बन ओतला, त्यांच्याच दगडानं पुढे तो शोषला.

मग आजच्या तापमानवाढीवरही हा कातळ उतारा ठरेल का? नाही. उद्योगयुगाआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण वर्षाला सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगभरच्या सिलिकेट खडकांची झीज त्याच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकाच शोषते. तिचं नियंत्रण जाणवायला लाखो वर्षं लागतात.

म्हणूनच दगड दळून झिजेचा वेग वाढवण्याचे प्रयोग सुरू आहेत. बेसाल्टची भुकटी शेतात पसरली की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांसोबत हे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला 2025 मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचं 5 कोटी डॉलरचं पारितोषिक मिळालं. जमिनीला खनिजं मिळणार असतील, तर या प्रयोगांचं स्वागतच करायला हवं. पण एक टन कार्बन डायऑक्साइड पकडायला काही टन भुकटी लागते, आणि ती दळायला, वाहून न्यायलाही इंधन जळतं. दगडाची मदत जरूर घ्यावी. मात्र त्याच्या भरवशावर धुराडी पेटती ठेवता येणार नाहीत. हवेतला कार्बन आपल्या हयातीत आटोक्यात आणायचा, तर इंधन जाळणं कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.