हक्काच्या चुलीवरची भाकरी

‘घरगुती जेवण’ ही पाटी आज प्रत्येक खानावळीवर दिसते. पण ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या दारातली भाकरी पदरात घ्यावी लागली, त्याच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ निराळा आहे. परड्यातली भाजी, घामाच्या पैशाचे धान्य आणि सगळ्या घराने एकत्र बसून खाल्लेली भाकरी ही आपल्यासाठी केवळ चवीची बाब नाही. ती झगडून मिळवलेली गोष्ट आहे.

येसकराची पाळी ज्याच्याकडे असे, तो दिवसभर गावाची कामे करी आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागे. श्रम त्याचे, पण मोबदल्याला नाव भिकेचे! राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या, तेव्हा या गुलामीच्या मुळावर घाव बसला. महाराजांच्या आधाराने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे चहा प्याले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि शिळेउष्टे तुकडे सोडा, शेतीकडे वळा, असे बजावले. पुढे १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेही याच भाकरीसाठी.

आपल्या पैशाने, आपल्या घरी चांगले खाणेसुद्धा व्यवस्थेला खुपत होते. जयपूर संस्थानातील चकवारा गावी अस्पृश्यांनी आपल्याच लोकांना दिलेल्या जेवणात तूप वाढले, म्हणून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारहाण केली. लाहोरसाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रकार नोंदवून ठेवला आहे. ताटात काय असावे, हा प्रश्न राजकीय आहे तो असा.

करवीर तालुक्यातले उचगाव घ्या. कोल्हापूर शहराला खेटलेले, गांधीनगरच्या बाजारपेठेशेजारचे, महामार्गालगतचे गाव. अशा गावात जमिनीला भाव येतो, शेताचे प्लॉट पडतात आणि घरामागचे परडे सगळ्यात आधी जाते. परडे गेले की कोथिंबिरीच्या काडीसाठीही खिशात हात घालावा लागतो. म्हणून आहे तेवढी जागा राखा. मेथी महिनाभरात हाताशी येते. दारात शेवगा असला तर पाल्याची भाजी होते, शेंगाही मिळतात. भांड्यांचे पाणी अळूला सोडता येते. दोडका, घेवडा यांचे वेल मांडवावर चढतात. जागाच नसेल तर फुटक्या बादलीत मिरची लावा. जोंधळ्याची भाकरी, तव्यावर परतलेला पोकळा, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा आणि आंबील हे आपले जेवण कुठल्या पक्वान्नापेक्षा कमी नाही. मुलांना ते डब्यात न्यायला लाज वाटत असेल, तर ती लाज कुणी शिकवली, हे त्यांना समजावून सांगा.

आपल्या खाण्याची लाज धरू नये, हेच शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाचेही सांगणे आहे. मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न त्यांनी २०१५ साली ग्रंथात आणले. आपल्या आजीला माहीत असलेल्या रानभाज्या, वाळवणे, मसाले आपणही लिहून ठेवले पाहिजेत. नाहीतर तेही ज्ञान मातीत जाईल.

मात्र एक प्रश्न आपल्याच घरात विचारायला हवा. भाकरी थापणारी बाई जेवते कधी? सगळ्यांचे झाल्यावर, उरलेसुरले खाऊन? मग बाहेरची उतरंड आपण चुलीपाशी आणून बसवली, असेच म्हणावे लागेल. दुसऱ्याचे उष्टे नाकारणाऱ्या समाजाने आपल्याच घरातल्या आईला, बायकोला, सुनेला उरलेले खायला लावू नये.

तेव्हा आठवड्यातून एक दिवस तरी ठरवून टाका. भाजी मुलांनी खुडायची, पीठ मुलाने मळायचे, ताटे पुरुषांनी वाढायची आणि पहिला घास सगळ्यांनी एकदमच घ्यायचा. समतेचे धडे सभेत द्यायचे असतात, तसे ते घरात गिरवायचेही असतात. त्यांची पहिली शाळा आपल्या घरातली पंगत आहे.