पुष्पमधातील किण्वे : शोध आणि नामकरण

कर्जत–खोपोली लोहमार्गावरील पळसदरी ह्या नावात पळस आणि दरी हे दोन्ही शब्द उघड आहेत. त्यावरून पळस तेथेच उगवतो असा अर्थ मात्र कोणी करीत नाही. फुलांत राहणाऱ्या किण्वांच्या, म्हणजे यीस्टच्या, शास्त्रीय नावांविषयी ही सावधगिरी क्वचितच पाळली जाते.

‘किण्व’ हा शब्द जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो मद्य आंबविण्याच्या द्रव्यासाठी येतो. आज तो एकपेशीय कवकाचा वाचक झाला आहे. ह्या जीवाला स्वतःची गती नाही. मिटलेल्या कळीतील मधुरस बहुधा किण्वरहित असतो. मधमाशीची सोंड आत शिरली की पहिल्या पेशी तेथे पोहोचतात व झपाट्याने वाढतात. एका घनमिलिमीटर रसात त्यांची संख्या कधी लाखाच्याही वर गेलेली आढळते. फूल लवकरच कोमेजते. तेव्हा पुढच्या पाहुण्याच्या अंगावरून निघून जाणे एवढाच मार्ग उरतो.

सूक्ष्मदर्शकाखाली ह्या पेशी बहुतेक सारख्याच दिसतात. म्हणून १९९८ मध्ये कुर्ट्झमन व रॉबनेट ह्यांनी रायबोसोमी जनुकाच्या सुमारे ६०० घटकांच्या तुकड्याची तुलना पुढे मांडली. त्यात एक टक्क्याइतका फरक पडल्यास जाती बहुधा भिन्न समजावी. शब्दांच्या तुलनेने भाषाकुळे लावणाऱ्यांस ही रीत परकी वाटू नये. मात्र हा टक्का केवळ खूण होय, व्याख्या नव्हे.

चंदिगढच्या सूक्ष्मजीव-तंत्रज्ञान संस्थेतील सलुजा व प्रसाद ह्यांनी २००८ मध्ये रुएलियाच्या फुलांतून मिळालेली नवी जाती ‘कँडिडा रुएलियी’ ह्या नावाने वर्णिली. रुएलिया अडुळशाच्या कुळातील; सह्याद्रीवरील कारवीही त्याच कुळातली. ‘रुएलियी’ ही लॅटिन षष्ठी : रुएलियाची. ती प्रथम कोठे सापडली एवढेच ही विभक्ती सांगते. तिचे घर कोणते, हे नाही. उलट १९७० मध्ये बॉम्बस मधमाश्यांच्या मधातून वर्णिलेल्या जातीच्या ‘बॉम्बिकोला’ ह्या नावात ‘निवासी’ असा स्पष्ट दावाच आहे.

खरे घर ठरविण्यास फूल आणि त्याचे पाहुणे ह्यांचे नमुने एकाच वेळी घ्यावे लागतात. पळसदरीच्या परिसरात हे सोपे नाही. पळस फाल्गुनात फुलतो, पण त्याच्याकडे कीटकांबरोबर सूर्यपक्षीही येतात. घाटातील कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. उद्या पळसाच्या मधुरसातून एखादी नवी जाती हाती आलीच, तर तिला झाडाचे नाव द्यावे, पाखराचे की गावाचे? गावाच्या नावाने निदान निवासाचा दावा तरी होत नाही.