जुना पॉवर सप्लाय घ्यावा काय?

मुंबईच्या कॉटन ग्रीन स्थानकाजवळ कापूस बाजाराची जी भव्य इमारत आजही उभी आहे, तिच्याशी निगडित असलेल्या आणि १९२१ साली स्थापन झालेल्या कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचा व्यवहार पूर्वी बहुतांशी एका विश्वासावर चाले: गाठीतून मूठभर कापूस उपसून, जाणत्या माणसाने चिमटीत तंतू ताणून पाहिला, की मालाची प्रत कळते. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायविषयी, ज्याला आपले दुकानदार एसएमपीएस म्हणतात, मात्र असा नमुना काढण्याची सोय नाही. पत्र्याची ती पेटी बाहेरून स्वच्छ दिसली, पंखा फिरला, दिवा लागला, म्हणजे माल चोख आहे असे मानणारा गिऱ्हाईक पुष्कळदा फसतो. आणि फसल्याचे त्याला मदरबोर्ड जळाल्यानंतरच कळते.

या पेटीचे काम वरवर साधे आहे. घरातल्या बटणातून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह ती प्रथम सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात बदलते, मग तो अतिवेगाने खंडित करून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेते, आणि अखेरीस १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा बेताच्या दाबांनी संगणकाच्या निरनिराळ्या अवयवांना पुरवते. संगणकाचे इतर भाग बिघडले तर बहुधा एकटेच बिघडतात. हा बिघडला तर शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊन जाऊ शकतो. दाब वाढताच पुरवठा तोडणारी संरक्षक योजना चांगल्या बनावटीत असते, परंतु स्वस्त मालात काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा तिच्यावरच पडते.

त्यातही खरे वय मोजावे ते आतल्या कपॅसिटरचे, शास्त्रीय परिभाषेतील धारित्रांचे. या नळकांड्यांत ओला विद्युत्‌विच्छेद्य द्रव असतो. तो वर्षानुवर्षे सुकत जातो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला सर्वमान्य हिशेब आहे. शिवडी, कॉटन ग्रीन, घोडपदेव या पट्ट्यात एका बाजूस खाडीची खारी, दमट हवा आणि दुसऱ्या बाजूस बंदराच्या वखारींतून ये-जा करणाऱ्या ट्रकांची धूळ. पंखा ही दोन्ही आत ओढून घेतो, धुळीचा थर उष्णता कोंडतो आणि दमटपणा धातूवर गंज चढवतो. मागच्या मालकाने पेटी किती तास राबवली याचा दाखला मात्र कोठेच मिळत नाही. हार्ड डिस्क आपले चाललेले तास स्वतः नोंदवून ठेवते. पॉवर सप्लायचे दफ्तर कोरे.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जुना माल पाहावयास गेलात, तर प्रथम लेबल वाचावे. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते. पण खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टसमोर केवळ १६ अँपिअर आढळले, तर गुणाकार १९२ वॅट होतो, आणि आजच्या संगणकाचा मुख्य भार याच १२ व्होल्टवर असतो. उरलेले वॅट शोभेचे समजावेत. नंतर जाळीतून विजेरीचा प्रकाश टाकून कपॅसिटरची टोपणे फुगली आहेत काय, तपकिरी चिकट डाग आहेत काय, हे पाहावे. पेटी मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही आत प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो.

विक्रेता हिरवी आणि काळी तार तुकड्याने जोडून पंखा फिरवून दाखवील. त्याने पेटी सुरू होते एवढेच सिद्ध होते, भार पेलते हे नव्हे. संगणकाला जोडून, त्याला जड काम लावून, मल्टिमीटरने १२ व्होल्टची तार मोजावी. नियमाप्रमाणे आकडा ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तेवढ्यानेही सारे उमगत नाही, कारण दाबावर उमटणारे सूक्ष्म तरंग, ज्यांची १२ व्होल्टवरील मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, ते पाहण्यास ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो दुकानाच्या गल्ल्यावर कोण ठेवणार! सुट्या वायरांच्या बनावटीत आणखी एक मेख आहे: एका कंपनीच्या वायरा दुसरीच्या पेटीला अचूक बसतात, पण आतली जोडणी भिन्न असल्याने डिस्क जळू शकते. सबब मूळ वायरा सोबत नसतील तर सौदा तेथेच सोडावा.

जुना घेण्यास माझी सरसकट हरकत नाही. नामवंत कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या मालाला सात, दहा वर्षांची हमी असते. अशा पेटीची निम्मी मुदत शिल्लक असेल, मूळ बिल मिळत असेल, ती हमी दुसऱ्या मालकास लागू असल्याची कंपनीकडून खातरजमा झाली असेल, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर अवश्य घ्यावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला बहुधा २०० वॅटही लागत नाहीत, म्हणून मोठ्या आकड्याच्या संशयास्पद जुन्या पेटीपेक्षा लहान आकड्याची प्रामाणिक नवी पेटी केव्हाही बरी. बिल नसलेला, हमी सरलेला आणि भाराखाली न मोजलेला पॉवर सप्लाय कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.