माणसे कोठून कोठे जातात?

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्यातील खेड्याखेड्यांत निघण्याची धांदल सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी घराला कुलूप लावून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागते. त्या धंद्यात ह्या जोडीला ‘कोयता’ असे म्हणतात. पाचसहा महिन्यांनी ही माणसे परततात. आता कोणी विचारले, की ही किती माणसे, कोठून निघाली आणि कोठे गेली, तर ह्याचे उत्तर कसे काढावयाचे? स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांपुढील मूळ प्रश्न हाच होय.

ह्या शास्त्राचा पाया रॅव्हेनस्टाइन ह्या नकाशाकाराने घातला. इंग्लंडच्या १८८१ च्या खानेसुमारीत प्रत्येकाचे जन्मस्थान नोंदलेले होते. जन्म एका परगण्यात आणि वस्ती दुसऱ्या परगण्यात, एवढ्याच खुणेवरून त्याने १८८५ साली स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच्या जवळ जातात. प्रत्येक ओघाला एक उलटा ओघ असतो. आणि जवळच्या प्रवासात स्त्रिया पुरुषांहून अधिक असतात, हे त्यांतील काही प्रमुख नियम.

पुढे ह्या नियमांना गणिताचे रूप आले. १९४६ साली झिफ ह्या अमेरिकन पंडिताने असे सुचविले, की दोन शहरांमधील ये-जा त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते व अंतराच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट, तर ये-जा निम्मी. ह्यापूर्वीच, १९४० साली, स्टाऊफर ह्याने क्लीव्हलंड शहरात घरे बदलणाऱ्या कुटुंबांवरून निराळा विचार मांडला होता. माणसाला अडविते ते अंतर नव्हे, तर वाटेत भेटणारी संधी. जवळच मनाजोगते काम मिळाले, तर लांब जाणार कोण?

सूत्र कितीही सुबक असले, तरी त्यात घालावयाचे आकडे कोठून तरी आणावे लागतात. आपल्या २०११ च्या जनगणनेत पूर्वीच्या वास्तव्याच्या ठिकाणावरून सुमारे ४५ कोटी माणसे स्थलांतरित ठरली. स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. परंतु जाऊन परत येणाऱ्या कोयत्याची फेरी ह्या प्रश्नातून नीट उमटत नाही. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने हंगामी स्थलांतरितांची निराळी मोजणी केली. कामासाठी एक महिन्याहून कमी नाही, पण सहा महिन्यांच्या आत घराबाहेर राहिलेला, ही तिची व्याख्या. ऊसतोडीचा हंगाम लांबला, की माणूस नेमका ह्या व्याख्येच्या काठावर येऊन उभा राहतो!

अलीकडे नवी साधने आली आहेत. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून, २०११ ते २०१६ ह्या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ९० लाख माणसे कामासाठी परराज्यांत गेली, असा अंदाज बांधला. हैतीत २०१० साली भूकंप झाल्यानंतर राजधानी सोडून गेलेल्यांचा माग संशोधकांनी मोबाईलच्या सिमकार्डांवरून काढला. परंतु ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून जाणारे कुटुंब रेल्वेचे तिकीट काढीत नाही. आणि ज्या घरात एकच मोबाईल, तेथे चार माणसांची एकच खूण उरते.

तात्पर्य, प्रत्येक साधनाला त्याला विचारलेलीच हालचाल दिसते. जो मोजला गेला नाही, त्याच्या मुलाची शाळा, त्याचे धान्य आणि दवाखाना ह्यांची तजवीज कोणत्याही हिशेबात येत नाही. म्हणून सूत्राची परीक्षा करण्याआधी प्रश्नाची परीक्षा करावी. ‘तू कोठला?’ एवढे विचारून भागत नाही; ‘गेल्या वर्षात तू कोठे कोठे राहिलास?’ असेही माणसाला विचारले पाहिजे.