‘रस आहे का?’ या प्रश्नात काय काय दडलंय

सिनॉप्सिस लिहायला बसलं की ‘अमुक गटाचा तमुक उपक्रमातील रस : एक अभ्यास’ अशा शीर्षकाचा मोह होतोच. प्रश्नावली करायची, पाच पर्याय द्यायचे, टक्केवारी काढायची, झालं! पण हा ‘रस’ मोजणं किती अवघड असतं, ते एका उदाहरणावरून बघू या. अमेरिकी लष्करातल्या कुटुंबांना वजन-नियंत्रण कार्यक्रमांत किती रस आहे, हे तुम्हाला शोधायचंय असं समजा.

पहिली अडचण ‘कुटुंब’ या शब्दातच आहे. तिथल्या सैनिकासाठी वजन ही नोकरीची बाब आहे. भूदलाच्या ‘एआर ६००-९’ या नियमावलीनुसार शरीरातल्या चरबीचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की सैनिकाला सुधारणा कार्यक्रमात घालतात, बढती अडते, आणि सुधारणा झालीच नाही तर नोकरीही जाऊ शकते. जोडीदाराला मात्र असा कुठलाच नियम लागू नाही. आता दोघांनीही ‘खूप रस आहे’वर खूण केली, तर एकाच्या खुणेमागे धास्ती असू शकते आणि दुसऱ्याच्या मागे निव्वळ इच्छा. तुम्ही सरासरी काढलीत की दोन्ही गेलं!

याच्या उलटही होतं. ‘मला गरज आहे’ असं लिहिलं आणि ते वरिष्ठांच्या कानावर गेलं तर? म्हणून तो बिचारा ‘रस नाही’ लिहून मोकळा होईल. तुम्ही म्हणाल, आम्ही नाव विचारतच नाही. अहो, पण हुद्दा, वय, लष्करी तळ आणि मुलांची संख्या एवढं विचारलंत, तर छोट्या तळावर माणूस ओळखायला नाव कशाला लागतं? मला विचाराल तर या विषयात नमुन्याच्या आकाराआधी याचा विचार व्हायला हवा. इथे चूक झाली तर तुमचा प्रबंध फार तर परत येईल, पण समोरच्याची नोकरी पणाला लागेल.

आणि समजा, उत्तरं खरी मिळाली. तरी इरादा वेगळा, कृती वेगळी. वेब आणि शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोग एकत्र करून पाहिले. इराद्यात सरासरी ०.६६ एवढा बदल घडवला, तेव्हा वर्तनातला बदल ०.३६ एवढाच भरला (दोन्ही आकडे प्रमाणित परिणाम-आकाराचे). लष्करी घरात तर दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि सैनिक तैनातीवर गेला की मुलांचं सगळं एकट्या जोडीदारावर. रस असूनही वर्ग सुटतो तो असा.

तेव्हा प्रश्न जमिनीवर आणा. ‘रस आहे का?’ऐवजी विचारा : आठवड्यातून एकदा, संध्याकाळी ६ वाजता, तळाबाहेर वर्ग असेल तर याल का? मुलांना कोण सांभाळेल? मध्येच बदली झाली तर फोनवरून चालू ठेवाल का? आणि सैनिक व जोडीदार यांचे तक्ते पहिल्यापासून वेगळे ठेवा.