वाफशाचे सहा दिवस आणि तीन बीबीएफ : औजार बँकेसाठी आपोआप येणारे इशारे

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की आज कॉम्प्युटरचा तास आहे. तसं नाही. आज हिशेबाच्या वहीबद्दल बोलायचं आहे. ती वही वेळेवर बोलली तर काय होतं आणि गप्प राहिली तर काय होतं, एवढंच.

भाड्याने वस्तू देण्याचा धंदा आपल्याकडे नवा नाही. जालन्यात काय, भोकरदनला काय, लग्नसराईत मंडपवाल्याकडे जाऊन बघा. पातेल्यावर नाव कोरलेलं असतं, खुर्चीच्या पाठीवर रंगाने अक्षर काढलेलं असतं. का? तर वस्तू बाहेर जाणार आणि परत यायला हवी. किराणा दुकानदाराचा माल एकदा गेला की गेला. मंडपवाल्याचा माल जातो, येतो, पुन्हा जातो. त्यामुळे किराणावाल्याचा प्रश्न असतो, "किती उरलं?" भाड्यावाल्याचा प्रश्न असतो, "कधी येणार, आणि कोणत्या अवस्थेत येणार?" हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट

आता शेताकडे येऊ. केंद्र सरकारचं कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झालं. त्यात गावपातळीवर औजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रांना मदत मिळू लागली. आपण त्यांना औजार बँक किंवा अवजारे सेवा केंद्र म्हणतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, राज्यातले पंधरा जिल्हे होते आणि जालना त्यातला एक. त्यातून शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांकडे ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र आणि बीबीएफ आले.

बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणारं यंत्र. मधे रुंद वरंबा, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरतं. मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या काळ्या जमिनीत सोयाबीनला हे किती उपयोगी आहे, ते मी सांगायला नको.

पण एक अडचण आहे. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. मग पाऊस झाला, वाफसा आला, की एकाच आठवड्यात सगळ्यांना तेच यंत्र हवं. मंडपवाल्याला निदान लग्नाच्या तारखा पंचांगात दिसतात. आपली तारीख आभाळ ठरवतं.

पहिला इशारा : क्षमता संपत आल्याचा

एक हिशेब करू. समजा गटाकडे तीन बीबीएफ आहेत. कागदावर एक यंत्र दिवसाला दहा एकर करतं. पण या शेतातून त्या शेतात जाणं, बियाणं भरणं, बांधावरून वळवणं हे धरलं तर आठ एकर धरा. वाफशाचे दिवस सहा. तीन गुणिले आठ गुणिले सहा, म्हणजे १४४ एकर. ही तुमची खरी शिल्लक. "तीन यंत्रं आहेत" ही शिल्लक नव्हे.

आता नोंदणी ११५ एकरांच्या पुढे गेली, म्हणजे ऐंशी टक्के भरली, की व्यवस्थापकाच्या फोनवर आपोआप मेसेज यायला हवा. यंत्रं संपल्यावर आलेल्या इशाऱ्याचा उपयोग नाही. ऐंशी टक्क्यांवर आला तर हातात काही दिवस असतात. शेजारच्या गटाकडून एखादं यंत्र मागवता येतं, रात्रपाळीला दुसरा चालक बघता येतो. तेही जमलं नाही तर शेवटच्या शेतकऱ्याला स्पष्ट सांगता येतं, "दादा, आमच्याकडे जमणार नाही, तुम्ही दुसरी सोय बघा." हे सांगणं वाईट वाटतं. पण आशेवर बसवून ठेवणं त्याहून वाईट.

पावसाची जोडही याला देता येते. महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, राज्यभरात दोन हजारांहून अधिक. आपल्या मंडळातला एकूण पाऊस ६० मिलिमीटरच्या पुढे गेला की "यंत्रं तपासून ठेवा" असा इशारा लावा. पेरणीचा आकडा ७५, आपला इशारा ६० वर. मधला वेळ तयारीचा.

दुसरा इशारा : परत येण्याचा

यात तीन टप्पे ठेवा. यंत्र परत यायच्या आदल्या संध्याकाळी नेणाऱ्याला आठवण. ठरल्या वेळी नोंद झाली नाही तर चालकाला मेसेज. आणि दोन तास उलटले तर पुढच्या शेतकऱ्याला मेसेज.

हा तिसरा टप्पा बहुतेक ठिकाणी नसतोच. सगळे इशारे व्यवस्थापकाकडे जातात आणि ज्याचं नुकसान होणार तो बांधावर बसलेला असतो. त्याने मजूर सांगितलेले असतात, बियाण्याला बीजप्रक्रिया करून ठेवलेली असते. "यंत्र आज सहाऐवजी उद्या सकाळी येईल" एवढं एक वाक्य दुपारी मिळालं तर तो मजुरांना दुसऱ्या कामाला लावू शकतो.

तिसरा इशारा : यंत्राच्या तब्येतीचा

ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं. समजा कंपनीच्या पुस्तिकेत २५० तासांना ऑइल बदला असं आहे. बरेच जण २२५ वर इशारा लावतात आणि निश्चिंत होतात. पण हंगामात २५ तास दोन-तीन दिवसांत उडतात आणि मेसेज ऐन पेरणीत येतो. म्हणून इशारा तासांवर न लावता दिवसांवर लावा. रोजचा सरासरी वापर बघून "दहा दिवसांत सर्व्हिसिंग येणार" असं कळलं, तर हंगामाआधीच काम उरकता येतं.

बीबीएफला इंजिन नाही, मीटर नाही. तिथे एकर मोजा. इतके एकर झाले की फाळ बघायचे, चेन बघायची, बियाण्याच्या नळ्या साफ करायच्या.

चौथा इशारा : सुट्या भागांचा

आपल्या आज्या दोन डबे ठेवायच्या. पहिला संपून दुसरा उघडला की बाजाराच्या यादीत नाव. साठा व्यवस्थापनात याला पुनर्मागणी पातळी म्हणतात, पण युक्ती तीच.

रोटाव्हेटरची पाती घ्या. समजा हंगामात दिवसाला चार लागतात आणि मागवल्यावर तीन दिवसांत येतात. म्हणजे बारा पाती वाट बघण्यात जातील. पण कधी पाच दिवसही लागतात, तेव्हा वीस जातील. म्हणून शिल्लक विसावर आली की मागणी द्यायची. बारा नेहमीची, आठ अडीअडचणीची. आणि हा वीसचा आकडा बारमाही नाही. एरवी महिन्यात चार पाती लागत असतील तर वीसवर इशारा ठेवून पैसे अडकवण्यात अर्थ नाही. हंगाम बदलला की आकडे बदला.

इशारा खोटा कधी ठरतो?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घेणार आहे. संगणकाला शेत दिसत नाही, नोंद दिसते. नोंद खोटी तर इशारा खोटा.

बीबीएफच्या बियाणे पेटीत चकत्या असतात. सोयाबीनची वेगळी, तुरीची वेगळी. यंत्र परत आलं, नोंदीत "उपलब्ध" झालं. पण तुरीची चकती मागच्या शेतातच राहिली. पुढच्याला तूर पेरायची आहे. आता सांगा, यंत्र उपलब्ध आहे का? म्हणून "आत" आणि "बाहेर" अशा दोन अवस्था पुरत नाहीत. पाच ठेवा : उपलब्ध, शेतात, वाटेत, तपासणी बाकी, दुरुस्तीत. परत आलेलं यंत्र आधी "तपासणी बाकी"मध्ये जाईल. चकत्या मोजल्या, फाळ बघितले, फोटो काढला, की मगच "उपलब्ध".

दुसरी गोष्ट, इशाऱ्यांचा पूर. एका गटात मी हे बघितलं आहे, गावाचं नाव घेत नाही. उत्साहाने प्रत्येक गोष्टीला मेसेज लावला होता. यंत्र निघालं, पोहोचलं, डिझेल भरलं, सगळ्याला. दिवसाला पन्नास-साठ मेसेज. चौथ्या दिवशी चालकाने ग्रुप म्यूट केला. पाचव्या दिवशी एका यंत्राची चेन तुटल्याचा मेसेज त्यातच बुडाला. पुढचा नंबर दोन एकरवाल्या एका बाईंचा होता. त्यांना कोणी काही कळवलं नाही. दोन दिवस वाट बघितली, मग पाऊस लागला आणि जमिनीत पाय ठेवता येईना. पेरणी बारा दिवस लांबली. यंत्रणा चालू होती, मेसेजही गेला होता.

तेव्हापासून मी एक नियम सांगतो. ज्या मेसेजवर कोणी काहीच करायचं नसतं, तो इशारा नव्हे, ती नोंद आहे. ती वहीत राहू द्या. इशारा फक्त कृती हवी तिथे, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात : काय झालं, कोणी काय करायचं, कधीपर्यंत. "बीबीएफ २, चेन तुटली. चालकाने सहापर्यंत बदलावी. पुढच्या दोघांना कळवले." बस. आणि दिलेल्या वेळेत कोणी "केलं" असं उत्तर दिलं नाही, तर मेसेज आपोआप वरच्या माणसाकडे गेला पाहिजे.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आमच्या छोट्या गटाला यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल का?*

सुरुवातीला नाही. फोनवरची स्प्रेडशीट पुरते. तारीख उलटली की ओळ लाल होईल, एवढं सूत्र कोणीही कॉलेजचा मुलगा लावून देईल. केंद्र सरकारने २०१९ मध्ये भाड्याच्या कृषी यंत्रांसाठी मोबाइल ॲप आणलं, खासगीही आहेत. पण आधी एक हंगाम वहीत पाच अवस्था नीट लिहून बघा. वहीत जमलं नाही ते ॲपमध्येही जमत नाही.

*प्रश्न : गावात रेंज नसते, मग?*

साधा एसएमएस बऱ्याचदा पोहोचतो, तो ठेवा. आणि केंद्रावर एक फळा लावा. रोज सकाळी सातला यादी त्यावर लिहायची. फळ्याचा दुसरा फायदाही आहे, तो पुढच्या प्रश्नात येईल असं वाटतं.

*प्रश्न : गटातल्या वजनदार माणसाचं शेत आधी होतं. अलर्ट त्याला काय करणार?*

हाच प्रश्न यायला हवा होता. अलर्ट त्याला थांबवणार नाही. पण क्रम बदलला की तो कोणी आणि का बदलला याची नोंद सक्तीची करा, आणि बदलाचा मेसेज रांगेतल्या सगळ्यांना जाऊ द्या. फळ्यावरही लिहा. कधी क्रम बदलणं योग्यही असतं. एखाद्याच्या शेतातला वाफसा आधी जाणार असेल तर त्याला आधी द्यावं. मग तसं लिहा. या औजारांना सार्वजनिक पैशाची मदत मिळालेली आहे, ती मुळात ज्याला ट्रॅक्टर परवडत नाही त्याच्यासाठी आली. येत्या मे महिन्यात केंद्रावर जाऊन आपली यंत्रं, चकत्या आणि पाती एकदा मोजून घ्या, आणि दोन एकरवाल्याचा मोबाइल नंबर यादीत बरोबर आहे ना, तेही बघा.