सहीनंतरचा दावा

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मी वकिली करते. भावाबहिणींच्या जमिनीचे दावे आमच्याकडे बारमाही येतात. पण त्यांतला एक प्रकार मला नेहमी जास्त अस्वस्थ करतो. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलेले असते आणि त्या बदल्यात भावाने काहीतरी कबूल केलेले असते. वीस गुंठे, गावातल्या घराची एक खोली, नाहीतर जमीन विकली तर पैशांतला वाटा. पुढे भाऊ शब्द फिरवतो. कृष्णाकाठच्या दोन बहिणींचा असाच दावा मी चालवला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण दावा कसा चालतो ते जसेच्या तसे सांगते.

दोघी आल्या तेव्हा थोरलीने पिशवीतून दोन कागद काढले. पहिला नोंदणीकृत हक्कसोडपत्र. त्यात छापील ठशातले नेहमीचे वाक्य होते : कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, बंधुप्रेमापोटी आम्ही आमचा हक्क कायमचा सोडत आहोत. दुसरा शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर त्याच दिवशी नोटरीकडे केलेला करार. जमीन एकट्याच्या नावावर झाली की दोन्ही बहिणींना रस्त्याकडचे वीस-वीस गुंठे देईन, असे भावाने त्यात लिहून दिले होते. खाली दोन साक्षीदार, त्यांतले एक सख्खे मामा. म्हणजे एक कागद म्हणतो काही घेतले नाही, दुसरा म्हणतो अजून द्यायचे आहे. पहिला नोंदवलेला, दुसरा बिननोंदणीचा.

नवखा वकील इथे दुसऱ्या कागदावरच सगळा भार टाकतो. तसे केले की प्रतिवादीचे वकील दोन बाजूंनी घेरतात. जमिनीत हक्क देणारा दस्त नोंदवलेला नसेल तर त्याने हक्क मिळत नाही, ही एक बाजू. आणि लेखी दस्तात जे स्पष्ट लिहिले आहे त्याच्या विरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही, ही दुसरी. पण नोंदणी कायद्याच्या कलम 49 मध्येच एक वाट आहे. कराराची पूर्तता करून मागण्याच्या दाव्यात बिननोंदणीचा करार त्या कराराचा पुरावा म्हणून वाचता येतो. मुद्रांक कमी असेल तर कागद जप्त होतो, तूट आणि दंड भरावा लागतो, मग तो पुराव्यात येतो. शिवाय 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने काले खटल्यात कौटुंबिक तडजोडीबद्दल जे सांगितले ते आजही अशा दाव्यांचा कणा आहे : घरातले तंटे मिटवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेली व्यवस्था न्यायालयाने टिकवावी, आणि त्या व्यवस्थेचा लाभ घेतलेल्याला नंतर ती नाकारता येऊ नये. हक्कसोडीमुळे भावाचे नाव सातबाऱ्यावर एकट्याचे झाले होते. लाभ त्याने घेतलेला होता.

म्हणून दाव्यात मागण्या पर्यायी ठेवल्या. कराराप्रमाणे वीस-वीस गुंठ्यांचे खरेदीखत करून द्यावे. ते होत नसेल तर हक्कसोडपत्र फसवणुकीने घेतलेले म्हणून रद्द करून वडिलोपार्जित जमिनीत समान वाटप करावे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालाने वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वादही संपवला. तेव्हा सही रद्द झाली तर वाटा मिळण्यात अडचण नव्हती. अडचण सहीचीच होती. मुदतही दोन्ही मागण्यांना तीनच वर्षांची. त्यामुळे दाव्यातला 'दाव्यास कारण केव्हा घडले' हा परिच्छेद मी सर्वांत जपून लिहिते. भावाने स्पष्ट नकार कधी दिला, कोणासमोर दिला, फसवणूक कळली कधी, हे तारखेनिशी लिहावे लागते. बहिणींना तारीख आठवत नाही. त्यांना आठवते ते असे : पंचमीला माहेरी गेलो होतो, वहिनी बोलली नाही. मग पंचमीवरून कॅलेंडर उघडायचे.

एक मात्र बरे आहे. महाराष्ट्रात 1994 पासून मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. हे आजही कित्येक बायकांना कोणी सांगत नाही, आणि फीच्या धास्तीने त्या तीन वर्षे घालवून बसतात. याचा मला मनापासून राग येतो.

फसवणुकीचा आरोप कायद्याला मोघम चालत नाही. नुसता शब्द मोडला म्हणजे फसवणूक होत नाही; शब्द देतानाच तो पाळायचा नव्हता, हे दाखवावे लागते. माणसाच्या मनातले दाखवायचे कसे? त्यासाठी शोध घेते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून सूची-2 चे उतारे काढायचे, दुय्यम निबंधकांकडून नकला घ्यायच्या, तलाठ्याकडे फेरफार पाहायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्धे दावे इथेच जिंकले किंवा हरले जातात. त्या गटावर एक साठेखत निघाले. हक्कसोडपत्राच्या आधी आठ दिवस भावाने शहरातल्या एका खरेदीदाराला रस्त्यालगतची सबंध जमीन देण्याचे कबूल केले होते. बहिणींना दाखवलेले चाळीस गुंठेही त्यातच. शिवाय त्यात अट होती : बहिणींचे हक्कसोडपत्र मी करून घेईन. रस्ता चौपदरी व्हायचा होता आणि भाव चढले होते.

नक्कल टेबलावर ठेवली तेव्हा धाकटी बराच वेळ फक्त तारीख बघत होती. थोरली म्हणाली, "म्हणजे सहीआधी जेवायला बोलवलं तेव्हाच ठरलं होतं?"

दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिला. आमच्याकडे त्याला निशाणी 5 म्हणतात, आणि पक्षकारांनाही तो आकडा पाठ होतो. दावा चालू असताना केलेली विक्री निकालाला बांधील राहते हे खरे, तरी तिसरा माणूस ताब्यात आला की गुंता वाढतो. मनाई मिळाली. खरेदीदाराला प्रतिवादी क्रमांक दोन केले.

मग उलटतपास. थोरली पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या वकिलांनी आवाज चढवला नाही. चांगले वकील चढवत नाहीत. दस्तावरची सही तुमची आहे? आहे. दुय्यम निबंधकांनी मजकूर मान्य आहे का विचारले होते? विचारले होते. तुम्ही तक्रार केली नाही हे म्हणणे खरे? खरे आहे. दस्त वाचला होता? "नाही. दादा म्हणाला तिथं सही केली." न्यायाधीश लघुलेखकाला वाक्य सांगत होते, आणि माझ्या बाजूचा पाया एकेका वाक्याने खचत होता, कारण न वाचता सही केली ही सबब कायद्यात फारशी टिकत नाही. मी तिला आधी शिकवले होते ते इतकेच : खरे सांगा, थोडके सांगा. ती खरे सांगत होती. शेवटी विचारले, पैशांच्या लोभाने तुम्ही खोटा दावा केला? तेव्हा ती म्हणाली, "वडिलांच्या आजारपणात मी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या मी दावा करून मागितल्या नाहीत." ते वाक्यही नोंदले गेले. पाटल्या दाव्याच्या मुद्द्यात कुठेच बसत नव्हत्या, तरी मी हरकत घेतली नाही.

मामा समन्स निघाल्यावर आले. सही माझी, मजकूर माहीत नाही, एवढेच बोलून गेले. दोन घरांमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही.

भावाची पाळी आली तेव्हा मी साठेखत त्याच्या हातात दिले आणि तारीख मोठ्याने वाचायला सांगितली. नंतर हक्कसोडपत्राची. नंतर नोटरीच्या कराराची. बहिणींना द्यायची जमीन आठ दिवस आधीच दुसऱ्याला कबूल केली होती, हे खरे आहे? तो आधी माहीत नाही म्हणाला, मग खरे आहे म्हणाला. वकिलाचा आवाज इथेही चढायला नको.

पुढच्या तारखेआधीच तडजोडीचा निरोप आला. काहींना वाटते की इथपर्यंत येऊन तडजोड म्हणजे माघार. मला तसे वाटत नाही. निकालानंतर जिल्हा न्यायालयात अपील, मग उच्च न्यायालय, आणि हुकूमनाम्यानंतरही शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. तोवर बहिणींची मुले साठीला टेकतात. तडजोडीवर न्यायालयाचा हुकूमनामा झाला की तो मोडणाऱ्याला नव्याने वाद घालायला जागा उरत नाही, आणि लोकन्यायालयातल्या निवाड्यावर अपीलही नसते. खरेदीदार कमी क्षेत्र घ्यायला तयार झाला. त्यालाही पैसे अडकवून बसायचे नव्हते.

तडजोडीची पुरसिस तयार झाली. वीस-वीस गुंठे, रस्त्याकडची बाजू, चतुःसीमा, मोजणीचा खर्च भावाकडे. थोरलीने सही केली. धाकटीने पेन खाली ठेवले. आधी भूमी अभिलेखचे मोजणीदार येऊ देत, हद्दीचे दगड बसू देत आणि नकाशा पुरसिसला जोडू देत, असे तिने मला सांगितले. समोरचे वकील घड्याळाकडे बघत होते, कारण लोकन्यायालय चार दिवसांवर होते. मी तिच्या बाजूने उभी राहिले आणि न्यायाधीशांकडे मोजणीसाठी पुढची तारीख मागितली.